आधी मुलाचं गाणं ऐका

संगीताच्या क्लासला नवीन मूल आलं की शिक्षक पेटी पुढे ओढतात, काळी एक दाबतात आणि म्हणतात, ‘हं, सा लाव.’ मूल घाबरून कुठला तरी स्वर लावतं. तो जुळला नाही की आईला सांगितलं जातं, ‘सुरावर जरा मेहनत घ्यावी लागेल.’ आपल्याला सूर नाही, हे मुलाच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत पक्कं बसतं, आणि पुढची कित्येक वर्षं ते निघत नाही. सोलापुरात क्लास चालवणाऱ्यांना, शाळेत संगीताचा तास घेणाऱ्यांना आणि नव्यानं शिकवायला बसणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे की, पहिल्या दिवशी काही शिकवू नका. मुलाचं गाणं ऐका.

पेटी बंद ठेवा, तानपुराही लावू नका. ‘तुला येतं ते कुठलंही गाणं म्हण’ एवढंच सांगा आणि वही घेऊन त्याच्या शेजारी बसा. समोर बसलात तर तुम्ही परीक्षक वाटता. आमच्या शहरातल्या मुलांकडे म्हणायला पुष्कळ असतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली मुलगी बतुकम्माचं तेलुगू गाणं म्हणेल. लिंगायत घरातल्या मुलाला आजीनं शिकवलेलं कन्नड वचन येत असेल. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा हे शहर दर संक्रांतीला भरवतं, ते स्वतः बाराव्या शतकातले कन्नड वचनकार होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या घरात हरिपाठ असतो, मुस्लिम घरात नात किंवा कव्वाली, तांड्यावरून आलेल्या मुलीकडे लमाणी गाणी. बाकीची मुलं सिनेमातलं म्हणतील, काही तर मोबाइलवर ऐकलेल्या गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडाच म्हणतील. त्यावर नाक मुरडू नका. त्या तुकड्यातही मुलाचा गळा, लय आणि धीर हे तिन्ही कळतात.

ऐकताना वहीत चार गोष्टी टिपून ठेवा. गाणं कुठल्या उंचीवर सुरू झालं आणि शेवटी तिथंच राहिलं का. लय धावली का. शब्द विसरल्यावर मूल थांबलं की काहीतरी गुणगुणत पुढे गेलं. आणि ते गाणं त्याला कुणी शिकवलं. चौथा प्रश्न मुद्दाम विचारा. त्या उत्तरात मुलाच्या घरचा गाणारा माणूस सापडतो, आणि पुढे रियाजाची आठवण करून द्यायला, क्लास बुडाला तर फोन करायला तोच माणूस उपयोगी पडतो. बहुतेकदा ती आजी असते.

यानंतरचं काम मुलाची पट्टी शोधण्याचं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मुलं क्लास सोडतात त्याची निम्मी कारणं मला इथंच दिसत आली आहेत. वाद्याशिवाय गाताना गळा आपल्या सोयीची उंची आपणच निवडतो. त्या गाण्याचा षड्ज पेटीवर हळूच शोधा. मग तिथून मुलाला खाली आणि वर न्या. सुरुवातीला मंद्र धैवतापासून तार ऋषभापर्यंत आवाज न घासता, मान न ताणता गेला तर ती त्याची पट्टी. खाली अडला तर अर्ध्या स्वरानं चढवा, वर ताणला तर उतरवा. मंद्र पंचम आणि तार गंधार सवयीनं पुढे येतात, त्यांची घाई नको.

आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींचा षड्ज साधारणपणे बायकांच्या पट्टीजवळ असतो, म्हणजे काळी चार ते काळी पाच किंवा त्याहून थोडा वर. शिकवणारे गुरुजी मात्र स्वतः काळी एक किंवा पांढरी दोनला गातात आणि सगळा वर्ग त्यांच्यामागून ओढला जातो. मुलं मग खालचे स्वर गिळतात, नाहीतर वरच्या सप्तकात ओरडतात. ‘आवाज खुलत नाही’ म्हणून ज्या मुलांची तक्रार घेऊन पालक येतात, त्यांच्यातल्या अनेकांचा आवाज चांगला असतो. त्यांना गायला चुकीच्या जागी उभं केलेलं असतं. पुरुष शिक्षकांनी मुलांच्या पट्टीत हलक्या आवाजात म्हणून दाखवायची सवय करावी. जमत नसेल तर क्लासमधल्या मोठ्या मुलीला पुढे बसवावं. धाकट्यांना ताईचा आवाज आपल्या आवाजासारखा वाटतो आणि तो ते लगेच उचलतात. एकाच वेळी पंधरा मुलं असतील तर वयापेक्षा पट्टीप्रमाणे दोन गट करा. हे करायला एक संध्याकाळ लागते.

आवाजाकडे असं बारकाईनं बघण्याची वाट आपल्याकडे देवधर मास्तरांनी घालून दिली. मिरजेत जन्मलेले बी. आर. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं आणि आवाजाची जोपासना हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय मानला. सुळेभावीचा एक पोरसवदा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला, तेव्हा तो मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन गाजलेला होता. देवधरांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात असत, त्यांचं गाणं त्या मुलाच्या कानावर पडत राहिलं. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. आपल्या क्लासात कुमार येणार नाही. पण शिष्यानं आपली नक्कल करावी असा आग्रह न धरणारा शिक्षक होणं आपल्या हातात आहे.

मुलांच्या बाबतीत एक वळण फार जपायचं असतं. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. काल तार षड्जाला सहज जाणारा गळा आज चिरकतो, वर्गात हशा पिकतो आणि मुलगा पुढच्या आठवड्यात येत नाही. घरचे म्हणतात, अभ्यास वाढला. ही वेळ येण्याच्या आधीच मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सांगून ठेवा की असं होणार आहे, सगळ्या मुलग्यांचं होतं आणि काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दीड वर्षात आवाज नव्या जागी बसतो. या काळात त्याचं गाणं बंद करू नका, पण ताणूही नका. मधल्या पाच-सहा स्वरांत, हळू आवाजात, थोडा वेळ गाऊ द्या. दर महिन्याला पट्टी पुन्हा तपासा, कारण ती खाली उतरत जाईल. तार सप्तकातल्या ताना, स्पर्धा, स्टेज हे सगळं पुढं ढकला. उरलेल्या वेळात त्याला तबल्याचे बोल शिकवा, पेटीवर बोटं बसवा, हातावर ताल धरायला लावा, राग ओळखायला लावा, धाकट्यांचा ठेका सांभाळायला द्या. असा सांभाळलेला मुलगा सोळाव्या वर्षी नवा, भरदार आवाज घेऊन तुमच्यासमोर बसलेला असतो. आपण इथंच दुर्लक्ष करतो, म्हणून पुढच्या वर्गांत मुली राहतात आणि मुलगे दिसेनासे होतात.

यंत्रमागाच्या घरांतल्या मुलांविषयीही सांगायला हवं. घरात किंवा शेजारी माग चालू असतो, त्याच्या आवाजावर आवाज काढून बोलण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. ही मुलं गातानाही जोर लावतात. त्यांना ‘ओरडू नको’ म्हणू नका. बंद ओठांनी षड्ज गुणगुणायला लावा, मग तोच स्वर ओठ उघडून तेवढ्याच आवाजात. दुसऱ्या बाजूनं, त्याच घरांतून आलेली मुलं लयीला पक्की निघताना मी पाहिली आहेत. दिवसभर एका गतीनं चालणारा आवाज कानावर असतो. त्यांना मागाची लय टाळीनं धरायला सांगा, मग त्याच लयीत दुप्पट. दुगुण समजावून सांगायला फळ्याची गरज पडत नाही.

पहिल्या दिवशी मुलानं म्हटलेलं गाणं वहीत पडून राहू देऊ नका. पुढचे काही आठवडे तेच पाठ्यपुस्तक. आपल्या गाण्यातला सा कुठला ते मुलानं शोधायचं. कुठल्या शब्दावर थांबल्यावर गाणं घरी आल्यासारखं वाटतं, असं विचारलं की मुलं बरोबर बोट ठेवतात. मग मात्रा मोजायच्या. हरिपाठ म्हणणाऱ्या मुलाला भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अंगात असतात, त्याला फक्त सम दाखवायची. बतुकम्माभोवती टाळ्या देत फिरलेल्या मुलीला टाळी कुठे पडते ते ठाऊक असतं. तिथून तालाची टाळी-खाली शिकवणं सोपं जातं. कन्नड-तेलुगू घरांत कर्नाटक संगीतावर बेतलेली भक्तिगीतं ऐकली जातात. त्यात मोहनम् रागातलं एखादं गाणं असलं तर भूपाचे पाच स्वर मुलाच्या कानात आधीच आहेत. ते त्याला म्हणून दाखवा आणि ‘हे तुला येतंच होतं’ असं सांगा. त्या वाक्यानंतर मूल ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेसाठी शिकवावं.

या भागातल्या शिक्षकानं पुरंदरदासांची आठवण ठेवावी. कर्नाटक संगीतात मुलांना आजही जे प्राथमिक स्वरपाठ देतात, ते परंपरेनं त्यांच्या नावावर आहेत. सोप्याकडून अवघडाकडे पायरीपायरीनं नेणारे हे पाठ सोळाव्या शतकापासून चालत आले. हे पुरंदरदास पंढरीच्या विठ्ठलाचे भक्त. ‘पुरंदरविठ्ठल’ ही त्यांची मुद्रा. दक्षिणेतल्या संगीतशिक्षणाच्या आद्य गुरूचं दैवत आपल्या जिल्ह्यात उभं आहे, ही गोष्ट तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांना जरूर सांगा. क्लासमध्ये आपण पाहुणे आहोत असं मग त्यांना वाटत नाही.

मुलाच्या भाषेपर्यंत जाण्याचा धडा याच जिल्ह्यातल्या एका शाळेनं दिला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये रुजू झाले, तेव्हा पुस्तकांची भाषा मुलांच्या घरची नव्हती. त्यांनी मुलांची कन्नड शिकून घेतली, पाठ त्या भाषेत नेले आणि पुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यातून कविता, गोष्टी, पाठ ऐकायची सोय केली. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ते संगीत शिक्षक नाहीत, पण आधी ऐकलेलं मग वाचायला सोपं जातं ही त्यांची वाट आपल्याच धंद्याची आहे. आपणही तेलुगूतली, कन्नडमधली दहा-वीस वाक्यं शिकून घेऊ शकतो. ‘श्वास घे’, ‘पुन्हा म्हण’, ‘छान झालं’ एवढं मुलाच्या भाषेत आलं तरी खूप फरक पडतो.

बंदिशीच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि बंदिश ब्रज भाषेत. अर्थ न कळता पाठ केलेले शब्द मूल चुकीच्या जागी तोडतं. स्वर देण्याआधी बंदिशीची गोष्ट सांगा. कोण कुणाला काय म्हणतंय, वेळ कुठली आहे, रुसवा आहे की लाडीगोडी. मग शब्द लयीत नुसते बोलून घ्या, स्वर शेवटी. आणि कुणाच्या उच्चारावर वर्गात हसू होऊ देऊ नका. सोलापुरात एकमेकांच्या बोलण्याची नक्कल करून हसणं रोजचं आहे, गल्लीत ते खपून जातं. गाताना हसलेलं मुलाच्या घशात अडकतं.

चूक दुरुस्त करायची ती ओळ पूर्ण झाल्यावर. मध्येच तोडलं की मुलाचं लक्ष गाण्यावरून तुमच्या चेहऱ्याकडे जातं. एका वेळी एकच चूक सांगा, आणि ‘बेसूर झालास’ म्हणण्याऐवजी ‘गंधार थोडा खाली आला, तानपुऱ्याकडे कान दे आणि पुन्हा लाव’ असं नेमकं बोला. भीमसेन जोशींनी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरलं, कष्ट उपसले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती गोष्ट मुलांना जरूर सांगावी, त्यातली ओढ कळावी म्हणून. पण त्या काळच्या कडकपणाची नक्कल करून दहा वर्षांच्या मुलीला रडवणारा शिक्षक सवाई गंधर्व होत नाही. भीमसेन अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले होते. तुमच्यासमोरच्या मुलीला तिची आई रिक्षानं सोडून गेली आहे. तिची ओढ अजून तयार व्हायची आहे, आणि ती तयार करणं हेच आपलं काम.

याच जागी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बसण्याची ढब किंवा श्वास दाखवताना मुलांना हात लावू नका. स्वतः करून दाखवा. तबल्यावर किंवा पेटीवर बोटं बसवताना स्पर्श लागलाच तर आधी विचारा. एकट्या मुलाला किंवा मुलीला शिकवताना दार उघडं ठेवा, घरचं कुणी बसणार असेल तर बसू द्या. गुरूविषयीचा आदर या शहरात अजून मोठा आहे, म्हणून मुलं आपल्याविरुद्ध बोलत नाहीत. त्यामुळे ही मर्यादा पाळायची जबाबदारी पूर्णपणे शिक्षकाची.

रियाजाचं बोलताना सोलापूरची घरं डोळ्यांपुढे ठेवा. विडी घरकुलातल्या लहानशा घरात आई विड्या वळते आहे, धाकटं झोपलं आहे, तिथं तासभर आकार लावायला जागा कुठून येणार? दहा मिनिटांचा रियाज द्या, पण रोजचा. आवाज काढता येत नसेल तर अलंकार मनात म्हणायचे आणि बोटांवर मोजायचे. मुलाच्या पट्टीत तुम्ही गायलेली दोन मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वडिलांचा मोबाइल रात्री घरी येतो, तेव्हा ऐकता येते. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि पाण्याच्या दिवशी घरातली मोठी मुलं भांडी भरायला लागतात. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलीला कारण विचारून लाजवू नका, तिला दुसऱ्या तुकडीत बसू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा क्लास सकाळी सातला घ्या. दुपारी चारला कोरड्या पडलेल्या घशानं कुणी गाऊ नये. फीचं बोलणं मुलासमोर कधीच नको. ज्यांना देणं जमत नाही त्यांच्याकडून थोडी का होईना घ्या, म्हणजे घर मान खाली घालत नाही, पण किती घेता ते तुमच्यात आणि त्यांच्यातच राहू द्या.

परीक्षांचा प्रश्न पालक पहिल्याच भेटीत काढतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत, आणि शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून आठवीत अचानक गर्दी होते. परीक्षेला माझा विरोध नाही. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, अभ्यासक्रम आखले, पुस्तकं छापली, म्हणून सामान्य घरातल्या मुलांना गाण्याचं दार उघडलं. परीक्षा त्या दाराची पायरी आहे. पण पहिलं वर्ष परीक्षेशिवाय जाऊ द्या. गुणांसाठीच आलेल्या मुलाला परत पाठवू नका. त्याला तीन परीक्षांच्या मध्ये एखादं गाणं असं द्या, जे कुठल्याच परीक्षेला नाही. त्यातलं कुणीतरी दहावीनंतरही येत राहतं.

महिन्यातून एकदा क्लासमध्येच बैठक ठेवा. सतरंजी, तानपुरा, चहा, एवढंच. प्रत्येकानं गायचं, नवख्यानं चार ओळी आणि जुन्यानं दहा मिनिटं. पालकांनाही बसवा, विशेषतः आजीला. तिला तिचं गाणं म्हणायला सांगा. निवड करून दोन हुशार मुलांनाच गणेशोत्सवाच्या स्टेजवर नेणारे क्लास बाकीच्या अठरा मुलांना श्रोते करून टाकतात. हुतात्मा स्मृती मंदिरात चांगली मैफल असेल तर मुलांना घेऊन जा. आधी राग कुठला असेल ते सांगू नका, मुलांना ओळखू द्या. दुसऱ्या दिवशी गवयाची चर्चा करण्याआधी ‘तुम्हाला कुठली जागा आवडली’ ते विचारा.

आणि बारावीनंतर मुलं पुण्याला जातात, तेव्हाची तयारी आधीपासून करा. तिथल्या शिक्षकाला स्वतः फोन करा, मुलाची पट्टी कुठली, कुठले राग झाले, कुठे तो घाबरतो ते सांगा. नवा गुरू काही वेगळं शिकवेल, तुमचं एखादं चूकही ठरवेल. मुलाला आधीच सांगून ठेवा की तिथं गेल्यावर त्यांचं ऐकायचं, माझ्याशी ताडून बघायचं नाही. दिवाळीत सुटीला आला की त्याला धाकट्यांच्या तुकडीपुढे बसवा आणि नवीन शिकलेलं गायला लावा.